पहिला घोट

४ जानेवारी

चष्मिष्ट बाईसाहेबांना काकाचा आशीर्वाद. चष्म्यालाही.

सोबत लाल सुताच्या लड्या पाठवतोय. तुझी ती बाहुलीवाली मैत्रीण तान्ह्या मुलांसाठी बाहुल्या विणते ना, तिला दे. सांग तिला, हा लाल मुळांचा आहे, पुडीचा नाही. आपल्याकडे मंजिष्ठेची मुळं, तुरटी आणि पाणी. चौथी वस्तू म्हणजे धीर. माल चांगला आहे अशा दोन ओळी तुमच्या प्रयोगशाळेच्या कागदावर लिहून दे, म्हणजे तिचंही समाधान होईल. तुझ्या सहीला हल्ली वजन आलंय म्हणे. एके काळी तुझ्या सहीला मार मिळायचा, प्रगतिपुस्तकावर बापाच्या जागी केली म्हणून.

फोन करू नकोस. बारक्या शेजारच्या दुकानातून धावत येतो, "बाबा, ताईचा फोन!" मी जातो, कानाला लावतो, आणि पिठाच्या गिरणीत कुणी कुजबुजावं तसं ऐकू येतं. कागदावर तू माझ्याशी नीट बोलतेस.

आता खरी बातमी. मला रंग लागला!

तुला थोडंफार आठवत असेल. हंडा चढला की आजोबा पहिला घोट स्वतः घ्यायचे. कडवट, मातकट लागलं की मुळं उतरली. जीभ आवळली गेली की तुरटी पुरेशी. मग दादाला एक घोट, म्हणजे तुझ्या वडिलांना, मग मला. हे मुळांचं पाणी पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी मोरीत लाल दिसायचं. आजोबा बाहेरून ओरडायचे, "लागला का रे?" आणि आतून आम्ही, "लागला!" ज्याला लागला तो रंगारी. दादाला त्याची भारी लाज वाटायची, म्हणून बिचारा कारकून झाला.

माझा लाल कित्येक वर्षं बंद होता. म्हटलं, अंग जुनं झालं, धरत नाही आता. आणि गेल्या आठवड्यात बघतो तर लालभडक! मोरीत उभ्या उभ्या हसत सुटलो. तुझी काकू धावत आली, तिला वाटलं घसरून पडलो.

बारक्याला सांगितलेलं नाही. सांगितलं की लगेच म्हणेल, मला का देत नाही घोट? चाळिशीला आलं पोर, सगळं काम पाठ आहे, पण पहिला घोट मी अजून त्याला दिलेला नाही. रुसतो. रुसू दे.

तुझा,
रंग लागलेला काका


१२ जानेवारी

काका, नमस्कार.

पत्र वाचलं, मग लड्या हुंगल्या, मग परत पत्र वाचलं. तोच वास, ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा. आजोबांनी मला कॉलेजला जाताना दिलेला लाल गोफ अजून माझ्या चष्म्याला आहे. त्याच्याशेजारी तुमची लडी ठेवून बघितली. तुमचा लाल जास्त झळझळीत आहे. गोफ इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलाय, म्हणून असेल.

तुमची बातमी वाचून मीही हसले. ती शास्त्राला धरून आहे, एवढं सांगायला हरकत नाही. मुळांतल्या लालाला अलिझरीन म्हणतात. पोटात गेला की त्यातला काही भाग तसाच लघवीवाटे बाहेर पडतो. जनावरांना ही मुळं खायला घातली तर त्यांची हाडंसुद्धा गुलाबी होतात. आजोबांची हाडं आतून गुलाबीच असणार. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

हे लिहिलं आणि थांबले. चहा करून आले आणि पुन्हा बसले. मुळं तीच, घोटही तोच, मग मधली इतकी वर्षं लाल का बंद होता? दुखत नाही ना? जळजळ? मी धाग्यांची डॉक्टर आहे, माणसांची नाही. शिवाय माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, घराला कुलूप लावलं तरी जिन्यातून परत जाऊन ओढून बघते. त्यामुळे ही खरी शंका आहे की माझी खोड, हे माझं मलाच कळत नाही. तरी उत्तर द्या.

बाहुलीवालीचं म्हणाल तर लड्या तपासल्याशिवाय मला सही करता येणार नाही. लहान मुलं बाहुली खेळत नाहीत, चघळतात. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही हो, सही माझी आहे म्हणून. नुसता सोपस्कार आहे. पुढच्या आठवड्यात करून टाकते.

तुमची,
चष्मिष्ट


२० जानेवारी

चष्मिष्टे,

काकाच्या मालाला कसोटी? उद्या काकूच्या हातच्या भाकरीला दाखला मागशील.

ऐक. त्या लड्या घाईत निघाल्या आहेत, माझ्याच मनास येत नाहीत. तपासू नकोस, परत पाठव. पुढच्या हंड्याच्या चांगल्या पाठवतो. बाहुलीवालीला म्हणावं थोडं थांब, धीर ही चौथी वस्तू.

तुझ्या शंकेचं उत्तर: दुखत नाही. जळजळ नाही, काही नाही. दुखलं असतं तर मीच रोग म्हटलं असतं. दुखत नाही म्हणूनच तर खात्री आहे. आता कधी कधी दिवसभर लाल असतो, आजोबांनाही एवढा कधी लागला नसेल! हंडा उचलताना जरा दम लागतो, पण तो हंड्याचा दोष. तांबं जड झालंय हल्ली.

बारक्या परवा रंगाचं पाणी बांधायच्या, म्हणजे कालवून ठेवायच्या, खोलीच्या दाराशी घुटमळत होता. मी आत असलो की ते दार बंद असतं, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. हाकलला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकलेला हंडा त्याहून मोलाचा.

लड्या पाठवच. विसरू नकोस.

काका


२३ जानेवारी

चि. ताईस काकूचा आशीर्वाद.

हे म्हणाले तिला काही लिहू नकोस, म्हणून लिहितेय.

अंगानं फार उतरलेत. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. जेवतात बरं, पण अंगी लागत नाही. लालाचं तुला कळवलंच आहे म्हणे. मला बाई त्यातलं कळत नाही, ह्यांच्या घराण्याचा तो मान आहे एवढं ठाऊक. कधी कधी त्यात गुठळीसारखं काही पडतं. विचारलं तर म्हणतात मुळांचा गाळ आहे.

तू काळजी करू नकोस. मला त्याचा त्रास काही नाही. चादरीला, लेंग्याला डाग पडतात, पण नुसत्या थंड पाण्यात भिजत टाकले की साफ निघतात. ह्यांच्या कामाच्या सदऱ्यावरचे जुने डाग मला सगळ्या जन्मात निघाले नाहीत, उकळून बघितलं, उन्हात टाकून बघितलं. त्यामानानं हे शहाणे डाग म्हणायचे.

बाप-लेकाचं पुन्हा वाजलं. बारक्या म्हणाला, "बाबा, तुम्ही गेल्यावर तरी मिळणार का मला पहिला घोट?" तर हे म्हणाले, "गेल्यावरसुद्धा नाही." बाप असं बोलतो का? बारक्या जेवला नाही. आणि हे आत येऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. डोळे पुसत होते गं. मला काही कळेनासं झालंय. तू शिकलेली आहेस, तू त्यांना चार शब्द सांग.

काकू


२८ जानेवारी

काका,

हे पत्र बसून वाचा, आणि एकटे असताना वाचा. काकूंना वेगळं लिहिलंय, त्यात फक्त डॉक्टरांबद्दल आहे.

लड्या मी परत पाठवल्या नाहीत. तपासू नकोस म्हणालात, तेवढ्यानंच मला तपासणं भाग पडलं.

कसोटी अगदी साधी आहे. धाग्यावर आम्लाचा एक थेंब टाकायचा. आधी आजोबांच्या गोफाचं टोक कापून त्यावर टाकला. लाल फिका होऊन नारिंगी झाला, मुळांचा लाल असाच होतो. मग तुमच्या लडीवर टाकला. ती निळी झाली. शाई सांडल्यासारखी, माझ्या डोळ्यांदेखत. वाटलं, माझीच काही चूक झाली, भांडं नीट धुतलं नसेल. दुसरी लडी घेतली. तीही निळी. मग काहीही न सांगता शेजारच्या टेबलावरच्या बाईंना करायला लावलं. त्या म्हणाल्या, "अहो, हा तर पुडीचा लाल. कुठून आणलात?"

कुठून आणला ते मी सांगितलं नाही.

वास मुळांचा आहे. तुम्ही वरून मूठभर मुळं टाकत असणार. पण लाल मुळांचा नाही. का आणि कधीपासून, हे मी आत्ता विचारत नाही. मला एकच विचारायचं आहे. हंड्यात मंजिष्ठा नाही. मग काका, तुमच्या अंगातून जातोय तो लाल कशाचा?

ही पूड पोटात गेली की आतड्यात तिचे तुकडे होतात. त्या तुकड्यांना रंग नसतो. म्हणून तुमचा लाल इतकी वर्षं बंद होता, अंग जुनं झालं म्हणून नाही. त्यातला बेंझिडीन नावाचा तुकडा मूत्राशयात पोचतो आणि आतल्या अस्तराला इजा करत राहतो, दुखल्याशिवाय. कारखान्यांत ही पूड हाताळणाऱ्यांना कित्येक वर्षांनी तिथे गाठी झाल्या. म्हणून आम्ही ती शोधत असतो. त्या लोकांनी ती फक्त हाताळली होती, तुम्ही तिचा घोट घेत आलात.

मला वाटतं ते रक्त आहे. मी चुकत असेन तर मला हवंच आहे. पण काकूंच्या पत्रात आहे की डाग थंड पाण्यानं निघतात. मुळांचा डाग थंड पाण्यानं निघत नाही, हे तुमच्याच घरात मी शिकले. मी ते वाक्य वाचलं आणि तिथे न थांबता बारक्याच्या भांडणाकडे वळले. आणि त्याआधी तर घाबरण्यासारखं काही नाही असं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. माझं शास्त्र मुळांचं होतं. हंड्यात मुळं आहेत का, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण उत्तर तुम्ही होतात.

अजून एक. बारक्याला घोट का देत नव्हतात, ते आता कळलं. म्हणजे तुम्हाला काहीतरी ठाऊक होतं.

मी शनिवारी येतेय. कपडे भरून ठेवा, थेट दवाखान्यात जायचंय. बारक्यासमोर हंड्याचं काही बोलणार नाही. बाहुलीवालीला मी नाही म्हणून सांगितलंय.

चष्मिष्ट


१९ फेब्रुवारी
दवाखान्यातून

चष्मिष्टे,

तू गेलीस त्या दिवसापासून माझ्या कॉटशेजारची खुर्ची रिकामी आहे. काकू तिच्यावर बसत नाही. ही माझ्या उशाशी उभी राहते आणि चादर सारखी करते, जशी काही चादरच आजारी आहे.

डॉक्टर तरुण आहे, कागदावर लिहून दाखवतो. आत नळी घालून दिवा लावून बघितलं. त्यानं मला चित्र काढून दिलं, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी. म्हटलं, भाजी बरी उगवली! तो हसला नाही. एक तुरा खरवडून काढलाय, दुसऱ्याचं मूळ खोल आहे म्हणतो. मूळ हाच शब्द लिहिला त्यानं. बघ, इतक्या वर्षांनी खरी मुळं निघाली माझ्याकडे.

तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो.

मुळांचा म्हातारा व्यापारी गेला आणि त्याच्या मुलानं भुसा मिसळून माल द्यायला सुरुवात केली. सूत विटकरी निघायला लागलं. गिऱ्हाईक लडी हातात घेऊन माझ्याकडे बघायचं आणि तशीच खाली ठेवायचं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात एकानं पुडीचा डबा दिला. म्हटलं, एवढी एक खेप. डब्यावर कवटीचं चित्र होतं. पूड बरणीत ओतली आणि डबा फेकून दिला. कोंबडं झाकलं की उजाडत नाही, असं वाटलं बहुतेक.

आणि मग हंडा चढला. सगळे भोवती उभे. आजोबा तेव्हा होते, दाराशी खुर्ची टाकून बसले होते, डोळे अधू, पण तोंड माझ्याकडे. मी घोट घेतला नसता तर तिथल्या तिथे कळलं असतं. घेतला. ते म्हणाले, "कसा आहे?" मी म्हटलं, "कडू." नुसता खारट होता गं. ही पूड सुतावर बसायला मीठ लागतं.

मग काय, दर हंड्याला घेतला. एकदा खोटं बोललं की ते रोज प्यावं लागतं.

बारक्याला द्यायला हात झाला नाही. कवटी डोळ्यांसमोर यायची. पण मला स्वतःला काही होत नव्हतं, म्हणून म्हणायचो, चित्रच ते, भीती घालायला काढतात.

आता हसू नकोस. त्या सकाळी मोरीत लाल बघितला ना, तेव्हा मला वाटलं, मला माफ केलं. कुणी ते ठाऊक नाही. आजोबांनी असेल, मुळांनी असेल. हंड्यात मंजिष्ठा नाही हे जगात एकट्या मला माहीत होतं, त्यामुळे हा लाल तिचा नाही हे मलाच आधी कळायला हवं होतं. पण मला तो हवा होता.

एक मागणं आहे. बारक्याला मी स्वतः सांगीन, घरी गेल्यावर, दोघंच असताना. इथे नाही, इथे भिंतींना कान आहेत आणि मला नाहीत. तोवर तू सांगू नकोस. खोलीला कुलूप आहे, किल्ली काकूच्या कमरेला आहे. वचन दे.

काका


२४ फेब्रुवारी

काका,

वचन देते, आणि ते मला आवडलेलं नाही.

कालपासून विचार करतेय की हे तुमच्यासाठी करतेय की स्वतःसाठी, कारण बारक्याला सांगायचं माझ्याही जिवावर आलंय. दोन्हीही असेल. पण हे फक्त तुम्ही घरी पोचेपर्यंत. त्याच दिवशी तुम्ही बोलायचं.

एक विचारते, त्याचं उत्तर लगेच पाठवा. खोलीत तयार करून ठेवलेलं पाणी आहे का? असेल तर काकूंना सांगून त्यावर काहीतरी टाका, कचरा टाका, काहीही, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

डॉक्टरांनी काढलेलं चित्र माझ्यासाठी जपून ठेवा. फेकून देऊ नका.

चष्मिष्ट


२७ फेब्रुवारी

ताई,

तू बसली आहेस ना? मी रंगारी झालो!

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. हंडा इतके दिवस थंड पडलेला बघवत नव्हता. आईला म्हटलं, नुसती झाडलोट करतो. तिनं किल्ली दिली, म्हणाली, "झाड बाबा, उंदीर झाले असतील." आत जाऊन बघतो तर पिंपभर पाणी बांधून तयार, झाकण लावून, वर दगड ठेवून. बाबा आजारी पडायच्या आधीच करून गेले होते. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलंय. तोंडानं म्हणायचे नाहीत ते, पण ठेवायचं तर ठेवलं. मला त्या पिंपापाशी रडूच आलं. हसू नकोस.

हंडा चढवला आणि पहिला घोट घेतला. आईसमोर, दोन्ही कामगारांसमोर. अगदी बाबांसारखा, आधी तोंडात धरून, वर बघून.

ताई, पण कडू नाही लागला. आजोबांचं बोलणं घरात इतक्यांदा ऐकलंय, कडू, मातकट, जीभ आवळते. मला फक्त खारट लागला. म्हटलं, माझी जीभच कच्ची. वेळेवर घोट दिला असता तर तयार झाली असती. म्हणून आता रोज घेतोय, हंडा असो नसो, पिंपातनंच एक पेलाभर. सवयीनं कळेल चव.

सूत मात्र असलं झळझळीत निघालंय की बघत राहशील. रोज सकाळी मोरीत बघतो. अजून पांढरंच आहे. लागेल. लागला की दवाखान्यात जाऊन बाबांच्या कानात ओरडणार आहे.

तुझा,
बारक्या रंगारी


३ मार्च

काका,

बारक्याचं पत्र सोबत आहे. मी त्यावर काही लिहीत नाही. वाचा.

दुकानातल्या फोनवर त्याला बोलावून सांगितलं, पिंपाला हात लावू नकोस, घोट घेऊ नकोस, आज संध्याकाळी बाबांना भेट. "का गं? कुणी सांगितलं त्यांना? रागावले का?" एवढंच विचारत राहिला. मी वचन पाळलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर हात धुतले, का ते ठाऊक नाही.

हे पाकीट बसच्या चालकाजवळ दिलंय, तो संध्याकाळच्या आत वॉर्डात पोचवेल. आज तुम्ही बोलला नाहीत, तर उद्या मी बोलणार. मग वचन मोडलं असं म्हणा. माझ्या त्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं असतं, तर... नाही, हे वाक्य मी पूर्ण करत नाही. मी तरी उत्तराची वाट का बघत बसले?

चष्मिष्ट


२२ मार्च
घरून

चष्मिष्टे,

घरी आणलंय. दुसरा तुरा काढला, पण मूळ राहिलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं, आणि बहुतेक लघवीची पिशवीच काढून टाकायची म्हणतात. तुझी काकू चहा करते, आणून ठेवते, आणि तो निवेपर्यंत माझ्याकडे बघत बसते. किल्ली अजून कमरेलाच आहे, पण तिला हात लावत नाही. "मीच दिली," एवढंच म्हणते.

तुझ्या पत्राचं उत्तर मी दिलं नाही, कारण पिंप आहे हे लिहायचं धाडस झालं नाही. म्हटलं, चार दिवसांत घरी जाऊ, मीच ओतून देईन. तुझं न लिहिलेलं वाक्य मी पूर्ण केलंय. रोज करतो.

बारक्या त्या संध्याकाळी आला. माझ्या हातात त्याचंच पत्र बघून आधी लाजला. मग मी सांगितलं. बहिऱ्याला कुजबुजता येत नाही, त्यामुळे अख्ख्या वॉर्डाला कळलं. पलीकडच्या कॉटवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे केलं. भला माणूस.

बारक्या उठला. खिडकीशी जाऊन आला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्या वाटचंही पीत होता?"

हो म्हटलं असतं तर मी थोर झालो असतो. जिभेवर आलं होतं. म्हटलं, "नाही रे. मी माझ्या अब्रूच्या वाटचं पीत होतो. तुला दिलं नाही, एवढंच खरं."

तो म्हणाला, "खारट लागलं तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मला वाटलं, चूक माझ्या जिभेची आहे."

हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा दुखलं. डॉक्टर नेहमी विचारायचा, दुखतं का, दुखतं का. त्याला सांगायला हवं होतं.

पिंप झाकण लावून तसंच आहे. बारक्यानं वर दुसरा दगड ठेवलाय. कुठे ओतायचं ते कळव. ओढ्यात नको, विहिरीजवळ नको. आम्ही दोघं विचार करकरून थकलो. कुठेही ओतलं तरी तिथलं पाणी कुणीतरी पितंच.

डॉक्टरला मी बारक्याबद्दल विचारलं. म्हणाला, तरुण आहे, थोडेच दिवस प्यायलाय, बहुतेक काही होणार नाही. पण लक्ष ठेवा. म्हटलं, किती वर्षं? त्यानं कागद घेतला, काहीतरी लिहायला लागला, मग खोडलं, आणि लिहिलं, "लक्ष ठेवा." तू सांग. पुस्तकातलं नको, खरं सांग. एक एक पेला, इतके दिवस, त्यानं काय होतं?

तोवर मी लक्ष ठेवतो. सकाळी मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो, आजोबा बसायचे तसा. शब्दही त्यांचेच येतात तोंडात, दुसरे सुचत नाहीत. "लागला का रे?" आणि तो आतून जोरात ओरडतो, मला ऐकू जावं म्हणून, "नाही, बाबा!" शेजारचे हसतात. त्यांना वाटतं, ह्यांचा जुना खेळ पुन्हा सुरू झाला.

काल उत्तर यायला जरा वेळ लागला. बाहेर आल्यावर म्हणाला, नळ चालू होता, ऐकू आलं नाही. मी मान हलवली. काकूनं आज त्याचे कपडे धुवायला घेतले, तेव्हा डाग दिसतो का म्हणून आम्ही दोघंही बादलीपाशी उभे होतो, आणि बारक्या म्हणाला, "तुम्ही जा, मी धुतो माझे."

लवकर उत्तर लिही.

काका